उणे वीस डेसिबलच्या खोलीत

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. अमेरिकेत म्हणे अशी एक खोली आहे, जिथे पंचेचाळीस मिनिटांच्या वर कुणी टिकलेलं नाही. तिथली शांतता इतकी भयाण, की माणसाला वेड लागायची वेळ येते. सोबत पाचरींनी भरलेल्या भिंतींचा फोटो असतो. फोटो खरा आणि खोलीही खरी. पंचेचाळीस मिनिटांची गोष्ट मात्र निव्वळ थाप आहे. या विषयातल्या खऱ्या गोष्टी तिच्यापेक्षा कितीतरी सुरस असताना ही थापच का फिरते, याचा प्रस्तुत लेखकाला अनेक वर्षं राग येत आला आहे.

ही खोली मिनियापोलिस शहरात, स्टीव्हन ओरफिल्ड यांच्या प्रयोगशाळेत आहे. ही इमारत पूर्वी 'साउंड ८०' नावाचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ होती. बॉब डिलनने 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'मधली पाच गाणी १९७४च्या डिसेंबरात इथे नव्याने मुद्रित केली, आणि प्रिन्सने उमेदवारीच्या दिवसांत आपल्या गाण्यांचे नमुने इथेच तयार केले. २०२२ साली 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'ची पत्रकार केटी वीव्हर या खोलीत तीन तास बसली, बाहेर आली आणि तिने त्यावर खुसखुशीत लेख लिहिला. त्याआधी २०१४ मध्ये विज्ञानाचे व्हिडिओ करणारा डेरेक म्युलर युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या अशाच कक्षात, दिवे मालवून, तासाभराच्या आसपास राहिला. तोही ठणठणीत बाहेर आला.

त्रास कुणालाच होत नाही, असं मात्र नाही. २००९ साली लंडनमध्ये ऑलिव्हर मेसन आणि सहकाऱ्यांनी १९ जणांना काळोख्या नि:शब्द कक्षात पंधरा मिनिटं बसवलं. हाताशी घाबरल्यास दाबायचं बटण दिलेलं होतं. मुळात ज्यांचा कल भास होण्याकडे होता, त्यांना तिथे अधिक भास झाले. पण त्या प्रयोगात शांततेच्या जोडीला काळोखही होता, हे सांगायला मजकूर फिरवणारे सोयीस्कर विसरतात.

आता आकडे. डेसिबलचं शून्य म्हणजे आवाजाचा अभाव, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात हे शून्य माणसाच्या कानावरून ठरवलेलं आहे. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य डेसिबल. दाबाच्या हिशेबात तो २० मायक्रोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे पाचशे कोटींवा भाग. एवढ्या क्षीण आवाजाने कानाचा पडदा हलतो तो हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी! त्याहून क्षीण आवाज असू शकतो, फक्त तो आपल्याला ऐकू येत नाही. त्याला उणे डेसिबल म्हणायचं. ओरफिल्ड यांच्या खोलीत २००४ साली उणे ९.४ मोजले गेले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेडमंडच्या ८७ क्रमांकाच्या इमारतीतल्या कक्षात उणे २०.६ची नोंद करून विक्रम हिसकावून घेतला. ओरफिल्ड यांनी २०२१मध्ये उणे २४.९वर जाऊन तो परत मिळवला. यापुढे फारसं खाली जाताच येणार नाही. हवेचे रेणू स्वतःच्या उष्णतेने सतत इकडेतिकडे आदळत असतात आणि त्या धक्काबुक्कीचाही एक आवाज असतो. गणिताने तो उणे तेवीस-चोवीसच्या घरात येतो, म्हणजे ओरफिल्ड यांची खोली या हद्दीवरच उभी आहे.

रेडमंडची खोली हुंदराज गोपाल या श्रवणशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली झाली. काँक्रीटच्या सहा आवरणांच्या आत ती बसवलेली आहे आणि कंपनं पोहोचू नयेत म्हणून ६८ स्प्रिंगांवर तोललेली आहे. पायाखाली फरशी नाही, ताणलेल्या तारांची जाळी आहे, कारण आवाज शोषणाऱ्या पाचरी जमिनीच्या बाजूलाही हव्यात. या पाचरींचं शास्त्र थोडक्यात असं : सपाट भिंतीवर आवाज आदळला की परततो. टोकदार पाचरींमध्ये मात्र त्याला हवेतून काचतंतूत किंवा फोममध्ये हळूहळू शिरावं लागतं, तो आत घर्षणाने जिरतो आणि त्याची नगण्य उष्णता होते. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते. ती गिळायची तर पाचर तिच्या पाव भागाइतकी, म्हणजे ८५ सेंटिमीटरच्या आसपास लांब हवी. ही कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली लिओ बेरानेक यांनी, १९४३ साली हार्वर्डमध्ये, महायुद्धाच्या कामासाठी. त्यांच्या खोलीत वीस हजारांच्या आसपास पाचरी होत्या. १९७१मध्ये ती पाडली गेली. बेरानेक मात्र २०१६पर्यंत, वयाची शंभरी ओलांडून जगले.

ध्वनिरोधक खोली वेगळी आणि ही खोली वेगळी. कानाच्या दवाखान्यातल्या श्रवणचाचणीच्या पेटीत बाहेरचा आवाज आत येत नाही, एवढंच. या खोलीत आतला आवाजही परतत नाही, आणि गंमत तिथे सुरू होते. एका अभियांत्रिकी संस्थेतल्या अशा छोट्या कक्षात प्रस्तुत लेखकाला काही वेळ बसायला मिळालं. दार लागताच कानांवर दाब आल्यासारखं वाटतं, विमान उतरताना वाटतं तसं. दाब अर्थातच काही नसतो. सोबतचे तंत्रज्ञ समोर उभे राहून बोलत होते तोवर ठीक होतं. त्यांनी बोलता बोलता पाठ फिरवली आणि शब्दांतले 'स', 'श', 'च' गळून पडले. उरली नुसती पुटपुट. घरात माणूस पाठमोरा बोलला तरी कळतं, कारण भिंती त्याचं बोलणं आपल्यापर्यंत आणून पोहोचवतात. ही भिंतींची हमाली आपल्या कधी लक्षातच येत नाही.

कित्येकांना या खोलीत तोल गेल्यासारखं वाटतं, विशेषतः दिवे घालवल्यावर. आपण जागेचा अंदाज डोळ्यांनी घेतो तसाच थोडा कानांनीही घेतो. याचा सर्वात देखणा पुरावा १९४४ सालच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात मिळतो. अंध माणसांना समोरची भिंत लांबूनच जाणवते आणि त्यांच्यातले पुष्कळजण म्हणत, की ती चेहऱ्याच्या कातडीला जाणवते. मायकेल सुपा (जे स्वतः अंध होते), मिल्टन कॉटझिन आणि कार्ल डॅलनबाख यांनी हे तपासून पाहिलं. चेहरा जाड कापडाने झाकला तरी माणसं भिंतीपाशी थांबत होती. कान बंद केले तेव्हा ती भिंतीवर आपटली. वर्षानुवर्षं कातडीला मिळालेलं श्रेय कानाचं होतं, आणि ज्यांचा कान होता त्यांनाच ते ठाऊक नव्हतं.

या खोलीच्या अगदी उलट टोकाची वास्तू आपल्या शेजारीच, विजापूरला आहे. मुहम्मद आदिलशहाच्या गोल घुमटाखाली, आतून ३८ मीटरच्या आसपास व्यासाच्या त्या सज्जात, एका बाजूला भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या बाजूला ऐकू येतं. सहलीला आलेल्या शाळांमुळे हल्ली तिथे कुजबुज ऐकणं दुरापास्त झालं आहे, तो भाग निराळा. ज्याला निवांत ऐकायचं असेल त्याने सकाळी दार उघडताच वर चढावं. सी. व्ही. रामन यांनी १९२२ साली अशा कुजबुज-सज्जांवर शोधनिबंध लिहिला. त्यात लंडनच्या सेंट पॉल्सबरोबर गोल घुमट होता, पाटण्याचं गोलघर होतं आणि कलकत्त्याच्या टपाल कचेरीचा घुमटही होता. आवाज भिंतीला धरून सरकत जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांना तपासायचं होतं. असो. घुमटाविषयी लिहायला बसलं तर पाचरींच्या खोलीकडे परत येणं कठीण.

या खोल्यांचा सर्वांत प्रसिद्ध पाहुणा जॉन केज. हा अमेरिकन संगीतकार १९५१ साली हार्वर्डच्या कक्षात गेला, शांतता ऐकायला. त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक खर्जातला. बाहेर आल्यावर तिथल्या अभियंत्याने सांगितलं, की बारीक आवाज तुमच्या मज्जासंस्थेचा आणि खर्जातला रक्ताभिसरणाचा. आपण मरेपर्यंत आवाज राहणारच, म्हणजे शांतता अशी काही नसतेच, असा निष्कर्ष केजने काढला. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसला, झाकण लावलं आणि चार मिनिटं तेहेतीस सेकंद एकही स्वर न वाजवता उठला. तीन भागांची ती रीतसर रचना होती. प्रेक्षकांनी वारा ऐकला, छपरावरचा पाऊस ऐकला आणि शेवटी एकमेकांची कुरकुर ऐकली.

या रचनेची मुळं धुंडाळणारे केजच्या झेन अभ्यासावर भर देतात. पण १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्यांनी केजला भारतीय संगीत समजावलं आणि केजने त्यांना पाश्चात्त्य काउंटरपॉइंट शिकवला. संगीत कशासाठी, या त्याच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर दिलं : मन निवावं, शांत व्हावं आणि दैवी स्पर्शाला पात्र व्हावं म्हणून. केज हे पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तेव्हा ४'३३"च्या वंशावळीत अहमदाबादचं नाव ठळक लिहायला हरकत नसावी.

हार्वर्डच्या त्या अभियंत्याचं उत्तर मात्र बरोबर नव्हतं. मज्जातंतूंचा आवाज ऐकू येत नाही. केजने ऐकलेला बारीक आवाज बहुधा त्याच्या कानातला नाद होता. आणि असा नाद केवळ आजाऱ्यांनाच ऐकू येतो असंही नाही. १९५३ साली मॉरिस हेलर आणि मो बर्गमन या दोघांनी कानाची काहीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना शांत कक्षात बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही लिहिलं : गुणगुण, शिट्टी, रातकिडा. पुढच्या काही प्रयोगांत हा आकडा बराच खाली आला, तरी निम्म्याहून अधिक राहिला. बाहेरून काहीच येईनासं झालं की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि श्रवणमार्गातली नेहमीची खळबळच त्याला आवाज म्हणून भासते, असा आजचा प्रबळ कयास आहे. प्रस्तुत लेखकानेही त्या कक्षात पोटातली गुरगुर ऐकली, मान वळवताना सदऱ्याच्या कॉलरची खरखर ऐकली आणि मग एक अतिबारीक, सरळ रेषेत चाललेली शिट्टी ऐकली.

पण कान खरोखरचा आवाजही काढतो! कानाच्या नळीत मायक्रोफोन ठेवून मोजता येईल असा आवाज. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या पचनी पडायला तीस वर्षं लागली. १९४८ साली केंब्रिजमध्ये टॉमस गोल्ड नावाच्या तरुणाने म्हटलं, की इतके बारीक स्वरभेद ओळखणारा कान नुसता निष्क्रिय पडदा असूच शकत नाही. आत काहीतरी ऊर्जा ओतणारी यंत्रणा हवी. आणि अशी यंत्रणा असेल तर लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरजवळ नेल्यावर जशी शिट्टी वाजते, तसा कानही कधी स्वतःहून वाजायला हवा. गोल्डचं कुणी ऐकलं नाही. त्या काळी या क्षेत्रात जॉर्ज फॉन बेकेशी यांचा शब्द प्रमाण होता. अंतर्कर्णातल्या लहरी त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या आणि त्यासाठी त्यांना १९६१चं नोबेलही मिळालं. त्यांनी तपासलेले कान मृतदेहांचे होते, ही गोम तेव्हा फारशी कुणाला खुपली नाही. गोल्ड कंटाळून खगोलशास्त्राकडे वळला. डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल आणि हर्मन बाँडी यांच्यासह स्थिरस्थिती विश्वाचा सिद्धान्त मांडणारा गोल्ड तो हाच.

१९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी जिवंत माणसाच्या कानात एक टिचकीसारखा आवाज सोडला आणि ऐकत राहिले. काही मिलिसेकंदांनी कानातून उत्तर आलं. ते यंत्राचा दोष नव्हतं, कारण ऐकू न येणाऱ्या कानातून ते येत नव्हतं. गोल्ड बरोबर ठरला. ही करामत अंतर्कर्णातल्या बाह्य केसपेशींची. एका कानात त्या बारा हजारांच्या आसपास असतात. आवाजासरशी त्या आखडतात आणि प्रसरण पावतात, आणि कमकुवत लहरींना बळ देतात. त्या हालचालीचा थोडा अंश उलटा बाहेर पडतो. काही कान तर टिचकीची वाटही न पाहता मंद सूर सोडत राहतात. त्यांच्या मालकांना तो बहुधा ऐकू येत नाही. आज प्रसूतिगृहात झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात छोटी नळी बसवून काही मिनिटांत जी श्रवणचाचणी होते, ती केम्प यांच्या या शोधावरच. आठवड्याच्या बाळाला 'ऐकू आलं का' असं विचारता येत नाही, त्याच्या कानाला मात्र विचारता येतं.

बाकी या खोल्यांचे रोजचे उद्योग रुक्ष असतात. मायक्रोसॉफ्ट कळफलकाची टिकटिक आणि विजेच्या सुट्या भागांची गुणगुण मोजतं. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेकडे गाड्यांच्या आवाजासाठी अर्धा असा कक्ष आहे. त्याच्या भिंती-छत शोषक असून जमीन टणक आहे, कारण गाडी रस्त्यावरच धावायची असते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा फटाके सुरू झालेले असतील. कायद्याने फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत मुभा आहे, आणि पोरं चार मीटर मागे सरत नाहीत. वर सांगितलेल्या केसपेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. रात्री शांत खोलीत कानात क्षणभर बारीक शिट्टी वाजली तर घाबरायचं कारण नाही. पण फटाक्यानंतर कानांना दडे बसल्यासारखं झालं, शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, ती एकाच कानात येऊ लागली किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजू लागली, तर भाऊबीज उरकण्याची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी जा. अशा बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतच उपचारांचा उपयोग जास्त होतो.