'स्वमग्न' मुलं खरंच स्वतःत मग्न असतात का?

समजा, लग्नाचा हॉल आहे. एकीकडे बँड, दुसरीकडे पंगत, मधूनच माइकवरून वधूच्या मामांना हाका. आणि सोळा वर्षांचा एक मुलगा जिन्याखाली कान दाबून, पुढेमागे झुलत बसलाय. नातेवाइकांचा निष्कर्ष तयार असतो: 'त्याला माणसंच नकोत, तो त्याच्याच जगात असतो.'

या गैरसमजाला भाषेचीही साथ आहे. ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. मूळ शब्दही तसाच. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो आधी स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण सांगायला वापरला होता. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध करताना तोच उचलला. म्हणजे नाव ठेवलं ते बाहेरून पाहणाऱ्यांनी.

मग आत काय चालतं? सगळ्यांचं सारखं नसतं. कुणी भरभर बोलतं, कुणी अजिबात बोलत नाही. पण अनेक ऑटिस्टिक तरुण एक गोष्ट सांगतात: आवाज, उजेड, स्पर्श त्यांच्यावर एकदम आदळतात. बहुतेकांचा मेंदू पंख्याची घरघर आपोआप मागे ढकलतो. यांच्यासाठी मात्र ती घरघर, ट्यूबलाइटची थरथर, कॉलरला टोचणारं लेबल आणि समोरच्याचं बोलणं सारख्याच जोरात येऊ शकतं. निदानाच्या अमेरिकी निकषांत याला २०१३ मध्ये जागा मिळाली. झुलणं, हात फडफडवणं हा अनेकदा या माऱ्यात तोल सांभाळायचा मार्ग असतो. जिन्याखालचा मुलगा कदाचित लग्नात टिकून राहण्यासाठीच तिथे गेलेला असतो.

भावनांचंही तसंच. 'कसं वाटतंय?' या प्रश्नावर तो गप्प राहिला तर त्याला काही वाटत नाही, असं समजू नये. अनेकांना भावना तीव्रतेने जाणवते, तिला नाव देता येत नाही. 'आवाज जास्त होतोय का? बाहेर जायचंय का?' असा नेमका प्रश्न विचारून जरा थांबलं, तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. थांबणंच आपल्याला जमत नाही.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने वेगळी मांडणी केली. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. न समजण्याची अडचण दुहेरी आहे, त्यांना आपण कळत नाही तसे आपल्यालाही ते कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. २०२० मध्ये ७२ जणांवर एक प्रयोग झाला. कानगोष्टींसारखी एक कथा पुढे सांगत न्यायची. फक्त ऑटिस्टिक व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत तपशील जास्त गळले. २०२५ मधल्या ३११ जणांच्या मोठ्या प्रयोगात मात्र मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत, त्यामुळे मिल्टन यांच्या मांडणीवरची चर्चा संपलेली नाही. पण ऑटिस्टिक माणसांना संवादच जमत नाही, या समजाला दोन्हीकडे आधार मिळत नाही.

किशोरवयात आणखी एक ओझं वाढतं, ते म्हणजे सोंगाचं. वर्गातल्या मुलांचं बघून हसायचं, नजर मिळवायची, झुलणं दाबून ठेवायचं. दिवसभर हे निभावलेली मुलगी घरी दप्तर टाकते आणि क्षुल्लक कारणावरून कोसळते. आई-वडिलांना वाटतं, घरीच का असं? शाळेच्या प्रगतिपुस्तकात तर 'वर्तन उत्तम' लिहिलेलं असतं.