लगीनसराई, आखाजी आणि उसाची पाळी

चैत्र लागला की नरडाणा पट्ट्यात कुणाला सवड नसते. रामनवमी ते चैत्री पौर्णिमा सप्तशृंगगडाची पायी वारी, धुळ्याला एकविरादेवीची यात्रा, गावोगाव हळदी. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके चढतात, गौराईची गाणी रंगतात. हौस व्हावीच! पण शेतावर फिरताना लगीनघरचाच ऊस आम्हांला तहानलेला दिसतो. सुरू उसाला आता 8-10 दिवसांनी पाणी हवं; खोडकिडीचाही हाच हंगाम. म्हणून वऱ्हाड निघण्याआधी पाळी उरकावी, पोंगा वाळलेले कोंब जमिनीलगत कापून नष्ट करावेत. खोडव्यातलं पाचट पेटवू नये, सरीत पसरावं, ओल टिकते. पुढच्या लेकीचं लग्न याच उसाच्या बिलावर उभं राहायचं आहे!