बॅटरी बदलली, चार्जर जुनाच

मराठवाड्यात ‘बॅटरी’ म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येते ती टॉर्च. रात्रपाळीची लाइट आली की हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला माणूस दारातूनच ‘बॅटरी द्या गं’ म्हणून ओरडतो. त्या टॉर्चच्या पोटात पूर्वी दोन-तीन जाडजूड सेल असायचे. संपले की उकिरड्यावर. आता तिथं अंगठ्याएवढा, निळ्या नाहीतर हिरव्या वेष्टणातला एकच सेल असतो आणि तो चार्ज होतो. त्याचं नावच त्याचं माप आहे: १८६५०. म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य तो गोल आहे एवढंच सांगणारं. जुन्या लॅपटॉपमध्ये तोच, कितीतरी पॉवर बँकांत तोच, आणि अलीकडे सोयाबीनवर फवारणी करणाऱ्या चार्जिंग पंपातही तोच.

या पंपापासूनच सुरुवात करायला हवी. नांदेड आणि लातूर हे सोयाबीनचे जिल्हे. जुलै-ऑगस्टात सोळा लिटरची टाकी पाठीवर घेऊन माणसं दिवसभर वाफ्यांतून फिरतात. टाकीच्या तळाशी, बरोबर कमरेला टेकेल अशा खणात, बारा व्होल्टची अ‍ॅसिडची बॅटरी असते. वजन दोन किलोंच्या वर. ती दोन-तीन हंगामांत बसते. मग कुणीतरी सांगतं, लिथियमची टाक, हलकी आहे, जास्त चालते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुकानदार तीन ओळींत सेल मांडून, पट्ट्या जोडून, वर स्लीव्ह चढवून तयार केलेला पॅक देतो. वायरी जुन्याच जागी बसतात, पंप सुरू होतो, पाठ हलकी होते. घरी आल्यावर पंप ओसरीवर ठेवून चार्जिंगला लावतात. चार्जर जुनाच, कारण पिन बसते.

इथंच गणित चुकतं. अ‍ॅसिडच्या बॅटरीच्या चार्जरवर ‘१२ व्होल्ट’ छापलेलं असलं, तरी ती बॅटरी भरायला तो प्रत्यक्षात साधारण १४.४ व्होल्ट देतो. लिथियमचा नेहमीचा सेल भरतो ४.२ व्होल्टला, तीन सेल एकापुढे एक जोडले की १२.६. त्यांच्यावर १४.४ व्होल्ट लादले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४.८ येतात. अ‍ॅसिडची बॅटरी असा जुलूम थोडाफार सोसते, गरम होते, पाणी उडवते. लिथियमचा सेल सोसत नाही. जास्तीचं लिथियम आतल्या ग्राफाइटवर धातूच्या रूपात साचू लागतं, त्याला सुईसारखे कोंब फुटतात. सेलच्या दोन थरांमध्ये केसापेक्षाही पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. सुई त्यातून आरपार गेली की आतल्या आत शॉर्ट सर्किट. पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो, त्यापुढे रसायनं स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात आणि मग चार्जरची पिन काढली तरी काही थांबत नाही. एक सेल पेटला की शेजारचा तापतो.

हे होऊ नये म्हणूनच पॅकमध्ये बीएमएस नावाची पाटी बसवतात. ती प्रत्येक सेलवर नजर ठेवते आणि एखादा ४.२च्या जरा वर गेला की चार्जिंग तोडते. प्रत्येकावर का? समजा, तीन घागरी आहेत आणि तिन्हींत एकाच धारेनं पाणी चाललंय. त्यातली एक पोचा येऊन लहान झाली असेल, तर आधी तीच उतू जाणार. भंगारातल्या लॅपटॉपमधून काढलेला सेल आणि नवा सेल एकापुढे एक जोडला की हेच होतं. एकूण आकडा १२.६ दिसत राहतो आणि जुना सेल मात्र कधीच काठावरून गेलेला असतो. पाटी शंभर-दोनशे रुपयांची. स्वस्तातल्या पॅकमध्ये नेमकी तीच वगळली जाते.

शॉक बसत नाही म्हणूनही माणसं निर्धास्त राहतात. चार व्होल्टानं शॉक बसत नाहीच. धोका असतो तो अँपियरचा. परदेशात ई-सिगारेट ओढणारे हौशी लोक तापणाऱ्या तारेची गुंडाळी घरी वळतात, आणि तिथं हे फार स्पष्ट दिसतं. गुंडाळीचा रोध ०.२ ओहम निघाला, तर ४.२ व्होल्टच्या सेलमधून २१ अँपियर वाहतात. आपल्याकडे गीझरच्या जाड पिनेचा सॉकेट १६ अँपियरचा असतो. अंगठ्याएवढा सेल दहा अँपियरच झेपणारा असेल, तर तो तापणार. त्यातून प्रवाह दुप्पट झाला की आतली उष्णता चौपट होते. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासात ई-सिगारेट फुटून एकेक माणूस दगावला. भारतात सप्टेंबर २०१९च्या अध्यादेशानं आणि नंतर त्याच वर्षीच्या कायद्यानं या वस्तूचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळंच बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ते प्रकरण सोडून देऊ. ओहमचा नियम मात्र औशात आणि हदगावातही तोच आहे. वायर सोलली जाऊन दोन टोकं भिडली की रोध जवळजवळ शून्य होतो, आणि पुढचा भागाकार सेलच करून दाखवतो.

सेल हातात घेऊन पाहिला तर आणखी एक गोष्ट कळते. त्याचं सगळं पत्र्याचं अंग ऋण टोक असतं. धन टोक म्हणजे वरची छोटी टोपी. तिच्या आणि पत्र्याच्या कडेमध्ये मिलिमीटरभर अंतर आणि वर ते रंगीत वेष्टण. वेष्टण कडेला फाटलं की निकेलची एक पट्टी दोन्हींना शिवू शकते. म्हणून चांगला कारागीर टोपीभोवती कागदी वॉशर चिकटवतो आणि पट्टी स्पॉट वेल्डिंगनं क्षणात टाचतो. सोल्डरिंग आयर्न सेलवर दहा-पंधरा सेकंद टेकवून ठेवणाऱ्याकडून पॅक घेऊ नये. ती उष्णता थेट आतल्या पडद्याकडे जाते. फवारणीच्या पंपात तर औषधाचे थेंब तळाच्या खणात झिरपतात आणि पट्ट्या गंजवतात.

वेष्टणावरच्या आकड्यांवरही भरवसा नको. ९,९०० एमएएच लिहिलेले सेल सर्रास विकले जातात. या मापाच्या सेलमध्ये तेवढी वीज मावतच नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे नेहमीचे सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. अस्सल सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. सराफाच्या काट्यावर तो तिशीत निघाला, तर आतला माल कमी आहे एवढं नक्की. सेलवर किंवा पॅकवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा, तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो.

महाराष्ट्रानं लिथियमच्या सेलचा जाळ जवळून पाहिला आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. पुढच्याच महिन्यात नाशिकमध्ये नव्या स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरमध्ये वीस गाड्या जळाल्या. सप्टेंबरात वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर वाहनांच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक झालं, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालं. पण ते गाड्यांसाठी आहे. ओसरीवरच्या फवारणी पंपाला ते लागू नाही.

पंपाला लिथियमच हवं असेल, तर फॉस्फेट जातीचे सेल बरे. ते ३.६५ व्होल्टला भरतात. चार जोडले की १४.६, म्हणजे जुन्या अ‍ॅसिड बॅटरीच्या जवळपास. तापले तरी ते इतक्या सहज पेटत नाहीत. तरीही बीएमएस हवाच आणि चार्जर त्यांचाच हवा. चार्जिंग दिवसा, माणूस जागा असताना, गवताच्या गंजीपासून आणि झोपायच्या खोलीपासून लांब करावं. नांदेडचा पारा मे महिन्यात ४२-४३च्या पुढे जातो; पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही जास्त, तेव्हा तिथं तर नकोच. फुगलेला, गोडसर वास येणारा किंवा हात लावू न देणारा पॅक पुन्हा चार्जिंगला लावू नये. पेटलाच, तर आधी मेन स्विच बंद करून माणसांना बाहेर काढावं, कारण धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. मग लांबून भरपूर पाणी मारावं. लिथियमवर पाणी चालत नाही हा समज या सेलना लागू होत नाही. त्यांना थंड करणं हेच काम असतं, आणि विझल्यावरही ते पुन्हा पेट घेऊ शकतात.

यंदा पहिल्या फवारणीआधी पंपाचा चार्जर उलटा करून ‘आउटपुट’पुढचा आकडा वाचा. पॅक तीन ओळींचा असेल तर तिथं १२.६ हवं, चार फॉस्फेट सेलचा असेल तर १४.६. दुसरं काही असेल, किंवा आकडाच नसेल, तर पॅक आणि चार्जर दोन्ही घेऊन दुकानदाराकडे जा आणि बीएमएस कुठं आहे ते दाखवायला सांगा.