मेंढीच्याच लेंड्यांची धुरी

आइसलँडच्या उत्तरेला, मिव्हात्न तळ्याच्या काठी, एका मेंढपाळाच्या घरामागे धुरीची खोपटी आहे. दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागतं. आधी डोळे चुरचुरतात, मग हळूहळू आढ्याला टांगलेल्या तंगड्या दिसू लागतात. मिठात मुरवून टांगलेलं मेंढीचं मांस धुराने काळपट तपकिरी झालेलं. खाली ज्वाळा नाही. चौकोनी काळ्या लाद्यांची रास कडेकडेने धुमसते आहे. त्या लाद्या लाकडाच्या नाहीत, लेंड्यांच्या आहेत.

लाकूड आणायचं कुठून? नवव्या शतकात नॉर्वेकडून माणसं वस्तीला आली तेव्हा बेटाचा निदान पाव भाग झाडीखाली होता, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बाराव्या शतकात आरी थोर्गिल्सनने लिहिलेल्या इतिहासातही डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत रान असल्याची नोंद सापडते. ते रान बर्चचं, म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाच्या भाऊबंदाचं. सरपणासाठी, कोळशासाठी, कुरणांसाठी ते तुटलं आणि पुन्हा फुटू पाहणारे कोंब मेंढ्यांनी खुडले. आज लागवड धरूनही जंगल जेमतेम २ टक्के जमिनीवर आहे. सरपण नाही म्हणून समुद्राचं पाणी आटवून मीठ करणंही अवघड होतं. त्यामुळे मांस टिकवायचं तर वाऱ्यावर वाळवणं, दह्याच्या आंबट निवळीत मुरवणं आणि धुरी देणं, यांवरच भिस्त राहिली.

लाद्या तयार व्हायला पूर्ण हिवाळा लागतो. मेंढ्या वाड्यात कोंडलेल्या असतात. लेंड्या, मूत आणि सांडलेलं गवत खुरांखाली तुडवलं जाऊन जाड, घट्ट थर बसतो. आपल्याकडे गोवरी हाताने थापावी लागते, इथे ते काम खुरं करतात. वसंतात फावड्याने त्या थराचे चिरे कापायचे, चिऱ्यांच्या पातळ लाद्या उकलायच्या आणि एकमेकींना टेकवून उघड्यावर उभ्या करायच्या. त्या देशात उन्हापेक्षा वाऱ्याचाच भरवसा. नीट वाळलेली लादी हातात घेतली तर हलकी लागते, घाण वास येत नाही. मोडली की आत गवताच्या काड्यांचे पदर दिसतात.

या पदरांतच सगळी गोम आहे. धुराची चव मुख्यतः लिग्निनमधून येते. झाडाला ताठपणा देणारं हे द्रव्य तापून फुटलं की ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी सुवासिक संयुगं बाहेर पडतात. गवतातही लिग्निन असतं, फक्त कमी. मेंढी गवत खाते, त्यातलं पचेल ते पचवते. लिग्निन तिला जवळजवळ पचत नाही, ते लेंडीत उतरतं आणि तिथे त्याचं प्रमाण वाढतं. विखुरलेल्या गवतातलं लाकूडपण मेंढीने गोळा करून दिलं, असंच मी म्हणेन. ज्या जनावराने रान परतू दिलं नाही, त्यानेच धुराची सोय केली. शिवाय दाबलेली लादी भडकत नाही, तासन् तास धुमसते. मांस शिजू न देता थंड धुरी द्यायची तर हेच हवं. पाइनसारखं राळेचं लाकूड पेटवलं असतं तर काजळी आणि कडवटपणा पदरी आला असता.

म्हणून या लादीला ‘लाकडाचा पर्याय’ म्हणणं मला पटत नाही. या मांसाला हांगिक्योत म्हणतात. नाताळात ते उकडून पांढऱ्या सॉससोबत, बटाटे-वाटाण्यांबरोबर वाढतात, एरवी पातळ काप भाकरीसारख्या चपट्या पावावर ठेवून खातात. बर्चच्या धुरातलं मांस सौम्य आणि गोडसर लागतं. लेंडीच्या धुरातलं उग्र, मातकट, आणि चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. विदर्भात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे ज्यांनी खाल्ले आहेत, त्यांना ती परकी वाटणार नाही.

आता मात्र लादीचीच टंचाई होऊ लागली तर नवल नाही. नव्या वाड्यांत फटी ठेवलेल्या फळ्यांची जमीन असते. लेंड्या फटींतून खाली पडतात, खुरांखाली तुडवल्या जात नाहीत. चांगली लादी हवी असेल तर जुन्या धाटणीचा वाडा राखावा लागतो, वसंतात फावडं मारावं लागतं, आणि हे कष्ट किमतीत मोजले जायला हवेत.

आइसलँडला गेलात तर हांगिक्योत घेताना वेष्टन वाचा. धूर बर्चचा की लेंडीचा, हे बहुतेकदा लिहिलेलं असतं. पहिल्यांदाच घेत असाल तर लेंडीच्या धुरातलं घ्या.