बोनेटचा कडी-कोयंडा

वायपरचं पाणी संपलं होतं, एवढंच. जुलैचा दुसरा आठवडा, रत्नागिरी, आणि पुढच्या डंपरनं काचेवर उडवलेला लाल चिखल. गाडी कडेला घेतली, उजव्या गुडघ्याजवळची बोनेटची मूठ ओढली. दोर तुटल्यावर रहाट जसा रिकामाच फिरतो, तशी ती हातात आली. पुढून नेहमीचा ‘खट्’ आवाज नाही.

गाडी चालत होती. इंजिन, दिवे, बॅटरी सगळं ठणठणीत, फक्त त्यांच्यापर्यंत जायची वाट बंद. ऑइलची काडी बघता येईना, कूलंट बघता येईना. बॅटरी उतरली असती तर दुसऱ्या गाडीची केबल जोडायची तरी कुठे? जुन्या ओम्नीवाल्यांचा त्या दिवशी हेवा वाटला. त्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की झालं.

हायवेलगतच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे गेलो. त्यानं बोनेटला हातच लावला नाही. आत बसला आणि मूठ तीनदा सावकाश ओढली, नाडी बघावी तशी.

“वायर गेली, सर. जड लागत होती ना आधी?”

लागत होती. गेल्या गणपतीपासून. आणि मी काय केलं, तर दर वेळी थोडा जास्त जोर लावला. हे मी त्याला सांगितलं नाही, पण त्याला कळलं असावं.

मुठीवरून त्याला बरंच कळतं. मूठ दगडासारखी घट्ट असेल तर वायर आत गंजून अडकलेली. मूठ नेहमीसारखी ओढली जाते, पुढे आवाजही होतो, पण बोनेट वर येत नाही, असं असेल तर वायरीचा दोष नाही; लॉकमध्ये चिखल बसलाय किंवा बोनेट वर ढकलणारी स्प्रिंग मेली आहे. अशा वेळी दोन माणसं लागतात. एकानं आत मूठ ओढून धरायची, दुसऱ्यानं लॉकच्या बरोबर वर तळव्यानं बोनेट खाली दाबून सोडायचं. आकड्यावरचा ताण क्षणभर सुटतो आणि बोनेट उसळतं. निम्म्या गाड्या एवढ्यावर उघडतात, असं मेस्त्री म्हणतो. एकट्यानं मूठ ओढत राहणारा माणूस मात्र चांगली वायर तोडून घेतो.

माझी तिसरी जात: मूठ सैल. यात एक आशा असते. ही वायर म्हणजे सायकलच्या ब्रेकची असते तीच रचना, बाहेर नळी आणि आत तार. बोडेन नावाच्या गृहस्थानं इंग्लंडमध्ये १८९६ साली तिचं पेटंट घेतलं. आतली तार ओढते आणि बाहेरची नळी जागेवर टेका देते, म्हणूनच वाकडीतिकडी वळणं घेऊनही ओढ पुढे पोचते. त्यामुळे तार शाबूत असूनही नळीचं टोक क्लिपमधून निसटलं, तरी मूठ सैलच लागते. टोक परत बसवलं की काम भागतं. मेस्त्रीनं मुठीचे दोन बोल्ट काढले, तारेचं टोक पकडीत धरून ओढलं. दीड हात तार सरसर बाहेर आली. तिचं दुसरं टोक तांबूस आणि पिंजारलेलं होतं. आशा संपली.

आता बंद बोनेट बाहेरून उघडायचं. पुढची जाळी काढावी, तर तिच्या वरच्या क्लिपा बोनेटच्या आत. मेस्त्रीनं बॅटरीच्या उजेडात जाळीच्या फटीतून लॉक शोधलं. मग खोक्याचा एक पुठ्ठा फाडून तो जाळीमागे सरकवला. हे कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, “एसीचा कंडेन्सर तिथंच उभा आहे. सळी घसरली की त्याला भोक. मग वायरीचं काम राहील बाजूला.” कंडेन्सरची जाळी पत्रावळीसारखी नाजूक असते. घरी स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

टोकाला आकडी केलेली सळी फटीतून आत गेली. गॅरेजमधला पोरगा बोनेट दाबत होता, सोडत होता. पहिल्या सात-आठ खेपा फुकट गेल्या. सळी लॉकच्या पत्र्याला लागायची आणि घसरायची. मेस्त्री ना चिडला, ना बोलला. मग एकदम ‘खट्’. पोरगा हसला.

बोनेट दोन बोटं वर आलं आणि थांबलं. ते थांबणंही महत्त्वाचं. खाली सेफ्टीची दुसरी आकडी असते, ती बोटानं सरकवल्याशिवाय बोनेट पूर्ण उघडत नाही. तिची किंमत मला संगमेश्वरच्या अलीकडे एकदा कळली आहे. बोनेट नीट न बसवता निघालो होतो. गतिरोधकावरून गाडी आदळली आणि बोनेटची कड डोळ्यांसमोर उचलली गेली. वेग जास्त असता तर वाऱ्यानं ते सरळ काचेवर आणून आपटलं असतं. त्या अंगठ्याएवढ्या आकडीनं ते धरून ठेवलं.

तार तुटली होती उजव्या हेडलाइटजवळच्या वळणावर. तिथं नळीचं प्लॅस्टिक तडकलेलं. इंजिनची उष्णता, वर पाऊस, वर खारा वारा. पाणी आत शिरलं, गंज धरला, आणि मग एकेक बारीक तार तुटत गेली. शेवटचे काही महिने दोन-तीन तारांवरच निभावलं असणार.

नवी वायर घालायची पद्धत बघून मला आईची आठवण झाली. जुनी नळी काढण्याआधी मेस्त्रीनं तिच्या पुढच्या टोकाला सुतळी बांधली आणि मुठीकडून नळी ओढून घेतली. सुतळी मागोमाग आली. मग तिला नवी वायर बांधून पुढून परत ओढली. पायजम्यात नाडी घालतात तशी. वाट चुकत नाही, जुन्या क्लिपा सापडतात, वळणं मूळचीच राहतात. इंजिन आणि माणसं बसतात त्यामधल्या पत्र्यातून वायर जिथं जाते तिथलं रबर त्यानं दाबून दाबून बसवलं. ते सैल राहिलं तर पावसाचं पाणी थेट पायाखालच्या कार्पेटवर येतं.

लॉक काढण्याआधी त्यानं बोल्टांभोवती मार्करनं रेघा मारल्या. लॉक दोन मिलिमीटर जरी सरकलं, तरी बोनेटच्या खालचा कोयंडा त्यात नीट बसत नाही. मग लोक बोनेट आपटत बसतात. लॉक रॉकेलच्या ब्रशनं धुतलं. काळं, रेतीमिश्रित ग्रीस निघालं. कापडानं कोरडं केलं आणि सांध्यांना, स्प्रिंगला, आकड्याला नवं ग्रीस लावलं. गंज सोडवणारा स्प्रे मारून भागत नाही का? त्याचं उत्तर होतं: “त्यानं सुटतं, टिकत नाय.”

मी बोनेट बंद करायला हात वर केला तर तो ओरडलाच. “थांबा सर!” स्क्रू-ड्रायव्हरनं त्यानं उघड्या लॉकचा आकडा दाबून बंद केला, पोराला मूठ ओढायला सांगितली. आकडा सुटला. पुन्हा दाबला, पुन्हा सुटला. असं पाच वेळा. नवी वायर बसवून न तपासता बोनेट लावणारा मेस्त्री पुन्हा पुठ्ठा आणि सळी शोधत बसतो. मग त्यानं बोनेट वीतभर उंचीवरून सोडून दिलं. दाबलं नाही, दाबून पत्र्याला खळगे पडतात.

लॉकला आणखी एक तार बांधून तिचं टोक बंपरमागे लपवून ठेवायचा जुगाड काही जण करतात. मी विचारलं. “करून देतो, पण बॅटरीचोराला पण ती सापडते,” म्हणाला. मी नको म्हटलं. मूठ गाडीच्या आत असते ती काही उगाच नाही.

वायर ४५० रुपये, मजुरी ६००, वेळ अडीच तास. ग्रीस लागलं असेल चमचाभर. ते चमचाभर ग्रीस नऊ वर्षांत कुणीच लावलं नव्हतं. मीही कधी लावा म्हटलं नव्हतं. आता गाडीच्या वहीत ऑइल आणि फिल्टरखाली मी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली आहे: बोनेट लॉक, ग्रीस, मे आणि ऑक्टोबर.