कोल्हापूरचे नारळीकर आणि आकाशातले जिवाणू

रंकाळा तलावावर आकाशाकडे दुर्बीण लावली की मुलं हमखास विचारतात, "तिथं राहायला जाता येईल?" मराठी घरांत ही ओढ जागवली ती १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी, 'यक्षांची देणगी'सारख्या विज्ञानकथांतून.

त्यांचं कुतूहल कथांपुरतं नव्हतं. जीवसृष्टीची बीजं पृथ्वीबाहेरून येतात का, हे तपासायला त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून बलून सोडले गेले. २००१ साली ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आले. २००५च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. त्यांना आर्यभट, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल आणि इस्रो यांची नावं दिली गेली.

हे जिवाणू परग्रहावरचेच, असा दावा मात्र शास्त्रज्ञांनी केला नाही. हा संयम फार मोलाचा!