लाल टॅग आणि मामीचा ओटा

दसरा झाला की निगडी प्राधिकरणातल्या मामाच्या घरी माळा खाली उतरतो. मामा भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाला, पण तिथली 'फाइव्ह एस' त्याच्या अंगातून निवृत्त व्हायला तयार नाही. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत तिचा फलक टांगलेला असतो: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडूनपुसून घ्या, याची पद्धत बसवा आणि ती मोडू देऊ नका. जपानी कारखान्यांतून आपल्याकडे आलेली ही शिस्त घरात चालते का, हे बघायला मी दरवर्षी त्या सुमारास मुद्दाम मदतीला जाते.

सेइरीचं मुख्य हत्यार लाल टॅग. कारखान्यात ज्या वस्तूबद्दल शंका येईल तिला टॅग लावायचा. वस्तूचं नाव, तारीख, कारण, कोण ठरवणार एवढं त्यावर लिहायचं आणि आखून दिलेल्या जागेत ती नेऊन ठेवायची. ठरलेल्या मुदतीत कुणी मागायला आलं नाही तर वस्तू भंगारात, नाहीतर दुसऱ्या खात्यात. यातली खुबी अशी, की टॅग लावणाऱ्याने निर्णय घ्यायचा नसतो, नुसती शंका घ्यायची असते. घरातला पसारा बहुतेक निर्णयापाशीच अडतो, म्हणून मला ही युक्ती आवडते.

टॅगसाठी मामा जुन्या लग्नपत्रिका कापतो. जाड लाल कागद, शिवाय फुकट.

"अहो, त्यावर गणपती आहे," मामी म्हणाली.

"गणपती आधीच कापून बाजूला ठेवलाय."

"बाजूला म्हणजे कुठे?"

गणपती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होते, रबर लावून. रद्दीत टाकवत नाहीत, देव्हाऱ्यात मावत नाहीत. पसारा काढताना नवा पसारा कसा जन्माला येतो, हे मी तिथेच पाहिलं.

माळ्यावरून काय काय उतरलं? टीव्हीचा खोका, आतल्या थर्माकोलसकट, 'शिफ्टिंगला लागेल' म्हणून. घर बदलायचा विचारही कुणाच्या मनात नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या आधी घेतलेलं थर्माकोलचं मखर. सोऱ्या आणि त्याच्या ताटल्या, त्यातली चकलीची नेमकी गायब. दोन ट्रॉफ्या. जुन्या कालनिर्णयांची चवड, कारण एकाच्या मागे कसलीशी पाककृती आहे आणि दुसऱ्यावर मामीच्या हातचा दुधाचा हिशेब. आणि पितळी घंगाळ. मामाने घंगाळाला टॅग लावून 'कोण ठरवणार' या ओळीत मामीचं नाव लिहिलं. संध्याकाळी त्याखाली मामीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'ठरलेलं आहे.' घंगाळ परत वर गेलं.

बाकीचं मात्र दोन-तीन दिवसांत बाहेर पडलं. रद्दीवाल्याने रद्दी तोलली, भंगारवाल्याने लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगवेगळं लावलं. मग बोहारीण आली. बोहारणीचा सौदा फाइव्ह एसमध्ये कुठेच बसत नाही. ती साडीचा काठ बोटांत धरून बघते, विरलेली बाजूला टाकते, शर्टाची कॉलर उलटून बघते आणि 'अजून एक पँट घाला ताई' म्हणत घासाघीस लांबवते. शेवटी कपड्यांचा ढीग जातो आणि एक स्टीलचं पातेलं घरात येतं. मामा हताश होऊन म्हणाला, "आपल्याकडे पातेली कमी आहेत का?" मामीने उत्तर देण्याची तसदी घेतली नाही.

माळा हे वर्षाचं काम, त्यामुळे ते सोपं. माझं लक्ष असतं ते जेवणाच्या टेबलाच्या दाराजवळच्या कोपऱ्यावर. तो सकाळी मोकळा होतो आणि रात्रीपर्यंत पुन्हा भरतो. किल्ल्या, विजेचं बिल, दोन गोळ्या उरलेली औषधाची पट्टी, कुरिअरची फाडलेली पिशवी, नातवाचं कंपास. आत येणाऱ्याचा हात पहिल्यांदा जिथे टेकतो तिथे सगळं उतरतं. किल्ल्यांचा प्रश्न मामाने दाराशेजारी खुंट्या ठोकून सोडवला, आणि तो खरंच सुटला. खुंटी टेबलाच्या आधी लागते, एवढंच त्याचं कारण.

पण त्या कोपऱ्यावर शेजारच्या काकूंचा डबाही असतो. अळूवड्या घालून आला होता. तो घासून, पुसून तयार आहे, तरी जात नाही, कारण रिकामा परत करायचा नाही. मामी काहीतरी करेल, मग तो जाईल. तोवर त्याचा मुक्काम टेबलावर. या डब्याला कुठला टॅग लावणार? तीच गोष्ट ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांची आणि संक्रांतीच्या वाणाची. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात आणि तोवर घरात प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, वाट्या येऊन पडतात. त्यातल्या निम्म्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या घरी जातील. मामा याला पसारा म्हणतो. माझ्या मते ही घरातली वस्तूच नव्हे, वाटेत थांबलेली देवघेव आहे. तिला कपाट नको, एक टोपली पुरते, आणि ती टोपली भरलेली दिसली तर कुणी तोंड वाकडं करायचं कारण नाही.

मामाचा खरा पराभव ओट्यावर झाला. टूलरूममध्ये हत्यारांचा फळा असतो. पाना, पक्कड, हातोडी, प्रत्येकाची बाह्यरेषा रंगवलेली. हत्यार जागेवर नसलं की रिकामी आकृती लांबूनच ओरडते. गॅलरीतल्या अवजारांसाठी मामाने असा फळा केला आणि तो झकास चालतो. त्या जोरावर त्याने ओट्यावरच्या भिंतीवर उलथनं, झारा, डाव, सांडशी, लाटणं यांच्याही आकृत्या काढल्या. पंधरवड्यात त्या आकृत्या ओस पडल्या. उलथनं घासून ओलं असतं, ते भिंतीवर टांगलं की पाणी ओट्यावर ठिबकतं, म्हणून ते जाळीत जातं. सांडशी शेगडीच्या उजवीकडेच हवी, कारण दूध वर येतं तेव्हा भिंतीकडे बघायला वेळ नसतो. आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशी सगळं एकाच जाळीत पालथं घालतात. त्यांना अजून तीन घरं गाठायची असतात. कारखान्यात हत्यार वापरणारा आणि ते जागेवर ठेवणारा बहुधा एकच असतो. घरात ही दोन माणसं वेगळी.

मग मी मामाला विचारलं, कारखान्यात ही साफसफाई कधी करायचात? तो म्हणाला, शिफ्ट सुटायच्या आधी दहा मिनिटं. मशीन बंद, चिप्स झाडायच्या, हत्यारं फळ्यावर, पुढच्या शिफ्टला जागा स्वच्छ द्यायची.

"त्या दहा मिनिटांचा पगार मिळायचा?"

"म्हणजे काय! शिफ्टमधलीच ती."

मामी पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि माझी शिफ्ट कधी सुटते?"

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं, की दिवसात थोडंही बिनपगारी घरकाम करणारे पुरुष साधारण चारात एक होते. त्यांचा त्यावर सरासरी ९७ मिनिटं वेळ जात होता, असं काम करणाऱ्या स्त्रियांचा २९९. हे आकडे मी मामाला वाचून दाखवले. आकड्यांना तो मान देतो, कारखान्यातच वाढलाय तो. खोके, टोपल्या, कप्पे यांवर घरोघरी इतका खर्च होतो, पण ती शेवटची दहा मिनिटं कुणाच्या नावावर आहेत हे कुठे लिहिलेलंच नसतं. ती मामीच्या नावावर आहेत असं सगळे धरून चालतात आणि मग टेबल का भरतं म्हणून चिडतात.

आता रात्रीची जेवणं झाली की टेबलाचा कोपरा मामा रिकामा करतो. बिल फाइलमध्ये, पट्टी औषधांच्या डब्यात, कंपास नातवाच्या हातात. काकूंच्या डब्याला तो हात लावत नाही. त्याने फ्रिजवर चेकशीट चिकटवली आहे: तारीख, काम, कोणी केलं, सही. मामीने परवा पेन घेऊन तिला एक रकाना वाढवला, वर 'सुपरवायझर' असं लिहिलं आणि खाली सगळीकडे स्वतःची सही ठोकून टाकली.